दवाखान्याच्या दारात हात जोडू नका, तोंड उघडा



कापसाच्या काट्यावर क्विंटलमागे दोन किलो कट्टी लावली तर आपण बाजार समिती डोक्यावर घेतो. ग्रेडरने ओलावा जास्त सांगितला तर 'यंत्र दाखव' म्हणतो. पट्टी हातात पडल्याशिवाय आवाराबाहेर पाय टाकत नाही. विचारल्याशिवाय काही मिळत नाही आणि न विचारणाऱ्याचा माल मातीमोल जातो, एवढे तरी चळवळीने आपल्याला पक्के शिकवले आहे.

मग हाच कास्तकार, घरचे माणूस अतिदक्षता विभागात पडले की दुपट्टा तोंडाला लावून भिंतीशी मुकाट का बसतो? आत काय चालले आहे ते विचारत नाही. कागदावर सही मागितली की अंगठ्याच्या जागी अंगठा आणि सहीच्या जागी सही करतो. 'नागपूरला न्या' म्हटले की गाडी शोधायला पळतो. 'घरी न्या' म्हटले की घरी आणतो.

कारण तुम्हाला ठाऊक आहे, आम्हालाही ठाऊक आहे. मालाचे आपल्याला कळते, रोगाचे कळत नाही, असे आपण धरून चालतो. डॉक्टर शिकलेला, आपण अडाणी. जास्त विचारले तर साहेब चिडतील आणि राग रोग्यावर निघेल. या भीतीने माणसे गप्प बसतात, आणि ही गप्प बसण्याची सवय काही वेळा जीव घेते.

आमचे म्हणणे एका वाक्याचे आहे. अत्यवस्थ रोग्याच्या उशाशी बसलेला माणूस हा इलाजाचाच एक भाग आहे. रोगी बेशुद्ध आहे, त्याच्या घशात नळी आहे, त्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारे तोंड उशाशी बसलेल्याचे. ते बंद राहिले तर डॉक्टर कितीही हुशार असो, त्याला अर्धाच रोग दिसतो.

दवाखाना गाठायची वेळ शंभर कारणांनी येते. साप चावतो, बाळंतपण अडते, ट्रॅक्टर उलटतो, झटका येतो. आम्ही पुढे जे सांगणार आहोत ते या सगळ्यांना लागू आहे. पण उदाहरण घेतो ते फवारणीच्या विषबाधेचे, कारण हा रोगी थेट आपल्या वावरातून वॉर्डात जातो. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात या विषबाधेने २० च्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. तेव्हा मोठमोठ्या लोकांनी सांगितले की शेतकऱ्याने हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही, म्हणून मेला. डोक्यावर गेलेल्या पऱ्हाटीत, आश्विनाच्या उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन रबरी कपड्यात कोण किती तास उभा राहील, हा हिशेब कोणी मांडला नाही. तो वाद आम्ही वेगळा घालू. विष अंगात गेल्यावर घरच्यांच्या हातात काय उरते, एवढाच आजचा प्रश्न आहे. आमचे उत्तर आहे: तुम्हाला वाटते त्यापेक्षा पुष्कळ.

'औषध लागले' आणि 'औषध घेतले'

आपण विषाला औषध म्हणतो. कृषी सेवा केंद्रात औषध मागतो, पंपात औषध टाकतो. हीच सवय दवाखान्यात घात करते. रात्रीच्या पाळीचा तरुण डॉक्टर विचारतो, 'काय झाले?' आपण म्हणतो, 'औषध गेलं पोटात' किंवा नुसतेच 'औषध'. त्याच्यासमोर रांग उभी असते. तो केसपेपरवर लिहून मोकळा होतो: विष प्राशन.

या एका शब्दाने दोन नुकसाने होतात. पहिले इलाजाचे. पोटात गेलेल्या विषाचा बंदोबस्त वेगळा आणि कातडीतून, श्वासातून गेलेल्या विषाचा वेगळा. फवारणीवाल्याच्या अंगावरचा सदरा विषाने भिजलेला असतो. केसांत, नखांत, कानामागे विष असते. ते कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुतले नाही तर सलाईन चालू असतानाही विष अंगात मुरत राहते. केसपेपरवर 'प्राशन' लिहिलेले असेल तर अंग धुवायचे कोणाच्या डोक्यात येईल?

दुसरे नुकसान घराचे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत खातेदार शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या घरातल्या एका व्यक्तीच्या अपघाती मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा त्यात बसते, आत्महत्या बसत नाही. सरकारी कचेरीत फाईल गेली की कारकून पहिल्यांदा केसपेपर आणि पंचनामा पाहतो. रात्री अकरा वाजता घाईत लिहिलेला तो शब्द वर्षभर विधवेच्या मागे लागतो.

म्हणून भरती करताना पहिले वाक्य तोलून बोला: 'अमुक पिकावर अमुक तास फवारणी करत होता, विष अंगावर पडले, वास गेला, प्यालेला नाही.' आणि लिहिलेले वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. चुकीचे असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा. काट्यावर आकडा वाचून घेतो तसा.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्याने खरोखर विष घेतले आहे त्याचे घरचेही अब्रूच्या आणि पोलिसांच्या भीतीने 'फवारणीत लागले' असे सांगतात. असे करू नका. डॉक्टरला खोटे सांगितले तर इलाज खोटा होतो. आणि भीतीचे कारणही आता उरलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने असे ठरवले की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरावे आणि त्याला शिक्षा करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या कलम ३०९ सारखे सरसकट कलमच ठेवलेले नाही. तेव्हा जे झाले ते जसेच्या तसे सांगा. जीव आधी, चारचौघे मागून.

बाटली लपवू नका

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. पिकाची पाने पिवळी पडली तर आम्ही आधी विचारतो, कोणती कीड, कोणता रोग, किती दिवसांपासून, आधी काय मारले? नाव कळल्याशिवाय मात्रा सांगत नाही. माणसाच्या बाबतीत तर नाव न कळणे हे थेट प्राणावर बेतते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही सेंद्रिय फॉस्फरस गटातली विषे. त्यांत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम फुटतो, छाती पाण्याने भरते. त्यांना ॲट्रोपीन हा उतारा आहे. छाती मोकळी होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. पुष्कळदा त्यासोबत दवाखान्यात ज्याला 'पॅम' म्हणतात ते इंजेक्शनही देतात. सायपरमेथ्रीनचा गट वेगळा, त्याला असा उतारा नाही, लक्षणे पाहून इलाज करावा लागतो. आणि तणनाशक पॅराक्वाट तर सगळ्यांत वाईट. त्याला उताराच नाही आणि गरज नसताना दिलेला प्राणवायूसुद्धा फुप्फुसाचे नुकसान वाढवतो. एका विषात प्राणवायू जीव वाचवतो, दुसऱ्यात तोच जपून द्यावा लागतो. मग डॉक्टरने नाव न कळता काय करायचे? त्यातून आपण एका पंपात दोन-तीन औषधे मिसळतो. म्हणजे नावेही दोन-तीन.

म्हणून रोग्यासोबत बाटली गेली पाहिजे. रिकामी असली तरी, फुटकी असली तरी चालेल. बाटली नसेल तर दुकानाची पावती न्या, तीही नसेल तर दुकानदाराला फोन लावून नाव विचारा आणि कागदावर लिहा. लेबलवर रंगाचा त्रिकोण असतो, विषाचे रासायनिक नाव असते, उताऱ्याची माहिती असते. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. १८००-११६-११७ या नंबरवर डॉक्टरला विचारता येते, तसे आपल्यालाही विचारता येते.

इथे आपल्यातल्या मोठ्या कास्तकारांना दोन शब्द सुनावणे भाग आहे. फवारणारा पुष्कळदा सालगडी असतो, रोजंदारीवरचा मजूर असतो. तो कोसळला की काही मालक पहिल्यांदा बाटल्या विहिरीआड फेकतात, पावती फाडतात, आणि मजुराच्या बायकोला हजार-दोन हजार देऊन दवाखान्याच्या फाटकाशी सोडून परत येतात. पोलिसांची भीती म्हणे! ज्याने तुमच्या पऱ्हाटीसाठी अंगावर विष घेतले त्याचा उतारा तुम्ही फेकून देता आणि मेळाव्यात घामाच्या दामाची भाषा बोलता? ही भाषा आधी आपल्या बांधावर खरी करा. मजूर तुमच्या वावरात पडला तर बाटली घेऊन त्याच्याबरोबर दवाखान्यात जायचे काम तुमचे आहे.

उशाशी बसून काय पाहायचे

शंभर पानी वही आणि एक पेन. औषधांच्या चिठ्ठ्यांइतकीच ही वही महत्त्वाची. पहिल्या पानावर लिहा: कधी फवारणी सुरू केली, कधी चक्कर आली, कधी उलटी, कधी भरती, घरी काय दिले, आधीचे आजार कोणते, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मग रोज तारीख घालून: कोणते डॉक्टर आले, काय म्हणाले, कोणते इंजेक्शन किती वाजता, लघवी किती झाली, बाहेरून काय आणायला लावले आणि त्याचे बिल.

डॉक्टर फेरीला आले की पाच प्रश्न विचारा. रोग काय आहे? कालच्यापेक्षा आज काय बदलले? हे औषध कशासाठी? पुढच्या चोवीस तासांत कशाची भीती आहे? आम्ही काय दिसले तर सिस्टरला बोलवायचे? पाच प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. नम्रपणे विचारा, पण विचारा. इंग्रजी शब्द आला तर मराठीत सांगा म्हणा. समजून सांगायला नाराज होणारे डॉक्टर थोडे. न विचारणारे नातेवाईकच जास्त.

रात्री तीन वाजता वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात ते तुम्ही डोळ्यांनी पाहता. तिला दोनच डोळे. तुमच्या माणसावर चोवीस तास लागलेले डोळे तुमचेच. ॲट्रोपीनची मात्रा कमी पडू लागली की लाळ पुन्हा सुटते, छातीत घरघर येते. मात्रा जास्त झाली की अंग तापते, तोंड कोरडे पडते, लघवी अडते, माणूस बरळतो, हवेत हात मारतो, अंगावरचे कपडे उपसतो. गावाकडचे लोक म्हणतात बाहेरचे लागले, आणि अंगारा शोधायला जातात. बाहेरचे काही लागलेले नाही. सिस्टरला उठवा, डॉक्टरला बोलवा.

आणि हे तर गावोगाव भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. या विषबाधेत एक ते चार दिवसांच्या मधे दुसरा फटका येऊ शकतो. रोगी शुद्धीवर आलेला असतो, चहा मागतो, पोरांची नावे घेतो. घरच्यांना वाटते, वाचला. आणि नेमके तेव्हा मानेचे, मग छातीचे स्नायू ढिले पडू लागतात आणि श्वास थांबतो. त्या वेळी श्वासाचे यंत्र जवळ असेल तर माणूस वाचतो, घरी खाटेवर असेल तर मरतो. दर काही तासांनी त्याला सांगा, उशीवरून मान उचल. उचलता आली नाही, आवाज बारीक झाला, गिळता येईना, तर एक क्षणही थांबू नका.

आता सांगा, दुसऱ्या दिवशी 'बरा दिसतो, वावरात काम पडले आहे' म्हणून आपण स्वतःच्या जबाबदारीवर सुट्टी लिहून देतो, ती कशावर सही करतो? आम्ही म्हणतो, धोक्याचे दिवस टळले असे डॉक्टरने स्वतः लिहून दिल्याशिवाय सुट्टी घेऊ नका. खाट रिकामी हवी म्हणून कोणी तुम्हाला घालवू लागले तर 'मान उचलता येते का ते तपासून लिहा' एवढेच म्हणा. कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर सही करू नका. शस्त्रक्रियेची किंवा मोठ्या उपचाराची संमती समजावून घेतलेली असावी लागते, आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तेवढीच सूट. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे स्पष्ट केले आहे.

'रेफर' म्हणजे हाकलणे नव्हे

आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, जिल्ह्यातून नागपूर किंवा सेवाग्राम. प्रत्येक ठिकाणी एक नवा केसपेपर आणि एक गेलेला तास. वर पाठवण्याला आमचा विरोध नाही. जिथे यंत्र नाही तिथे रोगी ठेवून काय करायचे? आमचा विरोध आहे तो हातात कोरी चिठ्ठी देऊन फाटकाबाहेर काढण्याला.

वर पाठवताना चार गोष्टी मागा. एक, आतापर्यंत कोणते औषध किती आणि किती वाजता दिले याची लेखी नोंद. दोन, पुढच्या दवाखान्यात खाट आणि यंत्र आहे का, याचा डॉक्टरने डॉक्टरला केलेला फोन. तीन, प्राणवायू असलेली गाडी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची गाडी त्यासाठीच आहे, भाड्याच्या जीपमध्ये अत्यवस्थ माणूस घालू नका. चार, निघण्याआधी रोगी प्रवास सोसेल इतका स्थिर केला आहे का, याचे उत्तर.

या मागण्या आमच्या मनाच्या नाहीत. बंगालमधल्या शेतमजुरांच्या संघटनेने त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयातून मिळवल्या आहेत. १९९२ च्या जुलैत पश्चिम बंग खेत मजूर समितीचा एक सभासद रेल्वेगाडीतून पडला. डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव. त्याला घेऊन लोक एकामागून एक सरकारी रुग्णालयांत हिंडले. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खासगी दवाखान्यात सुमारे १७ हजार रुपये खर्चून तो वाचला. संघटना गप्प बसली नाही, कोर्टात गेली. ६ मे १९९६ रोजी निकाल लागला: तातडीच्या रोग्याला सरकारी रुग्णालयाने वेळेवर इलाज नाकारणे म्हणजे घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क मोडणे आहे, आणि पैसा नाही ही सरकारची सबब चालणार नाही. २५ हजारांची भरपाई तर दिलीच, शिवाय खाट कुठे आहे ते कळण्याची मध्यवर्ती व्यवस्था आणि साधनांनी सज्ज रुग्णवाहिका यांची निकडही न्यायालयाने धरली. ज्यांच्या नावावर एक एकर जमीन नाही अशा मजुरांच्या संघटनेने हे केले. आपण सात-बाराचे मालक, दाराशी हात जोडून उभे!

भीक नव्हे, हिशेब

सरकारी दवाखाना धर्मशाळा नाही. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत आणि त्या विषाच्या बाटलीपर्यंत जे जे आपण विकत घेतो त्याच्यातून सरकारची तिजोरी भरते. तिथे आपण उपकारावर पडलेले नाही. खासगी दवाखान्यात तर रोख मोजतो. दोन्हीकडे विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो कागदावर आहे.

जखमी किंवा अत्यवस्थ माणसाला पोलिसांची वाट न पाहता आधी इलाज दिला पाहिजे, हे १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक डॉक्टरवर, सरकारी असो वा खासगी, बंधनकारक केले. रोग्याने किंवा त्याच्या माणसाने मागितले की उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत दिली पाहिजेत, हा डॉक्टरांच्याच वर्तनाचा २००२ चा नियम आहे. महाराष्ट्रातल्या खासगी दवाखान्यांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे, हे जानेवारी २०२१ च्या नियमांनी ठरवले. फलक दिसला नाही तर कुठे आहे ते विचारा आणि दवाखान्याला नोंदणी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या गरीब रोग्याला अनामत रकमेसाठी दारात अडवता येत नाही. शहरातल्या चकचकीत इमारतीचा दरवाजा पाहून परत फिरू नका. पाटीवर ट्रस्टचे नाव आहे का ते वाचा आणि समाजसेवा अधिकाऱ्याची खोली गाठा.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पहिल्याच तासात त्याला भेटा, आपला आजार कोणत्या उपचारात बसतो ते विचारा. बसत नाही म्हणाला तर तसे लिहून द्या म्हणा. तोंडी नकार फार स्वस्त असतो, लेखी नकार देताना माणूस पुन्हा एकदा यादी पाहतो.

पुढाऱ्याचा फोन आणि पोरांचा दगड

आपल्याकडे दवाखान्यात दोनच हत्यारे चालतात. एक पुढाऱ्याचा फोन. आमदाराच्या माणसाने फोन केला की खाट मिळते, म्हणून माणसे रात्रभर नंबर फिरवत बसतात. फोनने मिळालेली खाट दुसऱ्या कोणाच्या तरी माणसाखालून काढलेली असते, हे कोणी पाहत नाही. हक्काने मिळायचे ते उपकाराने मिळवले की पाच वर्षे त्या उपकाराचे व्याज भरावे लागते. पुढाऱ्याला फोन करायचाच तर एवढाच करा, की तालुक्याच्या दवाखान्यात श्वासाचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस कधी येणार?

दुसरे हत्यार दगड. माणूस दगावला की गावची पोरे काचा फोडतात, डॉक्टरच्या अंगावर जातात. आम्ही हे स्पष्ट शब्दांत धिक्कारतो. २०१० च्या राज्याच्या कायद्याने याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे, पण आम्ही शिक्षेच्या भीतीने बोलत नाही. ज्या डॉक्टरने काल मार खाल्ला तो उद्या तुमचा गंभीर रोगी हात न लावता नागपूरला धाडेल. जिवंतपणी एक प्रश्न विचारायचा नाही आणि मेल्यावर काच फोडायची, हा शूरपणा नाही. डॉक्टर आणि सिस्टर आपल्याच पोरी-पोरांसारखे, तुटपुंज्या साधनांत राबणारे. भांडण त्यांना साधने न देणाऱ्याशी आहे.

आशा किती, हेही विचारा

एक अवघड गोष्ट बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. रोग्यासाठी भांडणे म्हणजे दर वेळी आणखी इलाज मागणे असे नाही. कधी कधी खासगी दवाखान्यात दहाव्या दिवशीही यंत्र चालू असते, दोन एकर गहाण पडलेले असतात, आणि कोणी स्पष्ट सांगत नाही. तेव्हा घरातल्या कर्त्याने डॉक्टरला बाजूला घेऊन विचारावे, 'वाचण्याची आशा किती? वाचला तर कसा राहील? तुमच्या घरचा असता तर काय केले असते?' हे विचारणे निर्दयपणाचे नाही. खरे ऐकण्याचा हक्क रोग्याच्या माणसांना आहे. आशा असेल तर शेवटपर्यंत लढा. नसेल तर त्याला वेदना होणार नाहीत, घरची माणसे जवळ असतील, हे मागा. निर्णय घरच्यांनी समजून घ्यावा, अंधारात घेऊ नये.

बोलणार कोण?

बहुतेक वेळा दाराशी चुलते, मेहुणे, गावचे चार शहाणे उभे असतात आणि बोलतात. बायको कोपऱ्यात पदर लावून बसते. रात्रभर लाळ पुसणारी ती, नवऱ्याने दुपारी भाकर खाल्ली की नाही हे ठाऊक असणारी ती, त्याचा श्वास बदलला हे पहिल्यांदा ओळखणारी ती. डॉक्टर आले की तिला मागे सारतात. आम्ही म्हणतो, वही तिच्या हाती द्या. प्रश्न तिला विचारू द्या. सहीही तिला विचारून होऊ द्या, कारण मागे उरणारी तीच आहे.

आणि तीच आजारी पडते तेव्हा? दोन दिवस अंगावर काढते, मग गावच्या डॉक्टरची सुई, मग माहेरी निरोप. बैल बसला तर त्याच रात्री जनावरांचा डॉक्टर आणणारे आपण! बाईच्या वतीने बोलणारा कोणीच नसतो म्हणून ती उशिरा पोचते. ज्या चळवळीत बायका मोर्चाच्या पुढे चालतात तिच्या सभासदांच्या घरात हे चालता कामा नये.

मेळाव्यासमोर ठराव

तेव्हा जिल्हा मेळाव्यात आम्ही पुढील ठराव मांडत आहोत. प्रत्येक शाखेने गावात वाचून, बदल सुचवून यावे.

१) प्रत्येक गावशाखेने दोन दवाखाना-सोबती नेमावेत, त्यांतली एक बाई असावी. गावचे माणूस अत्यवस्थ झाले की बाटली, रेशनकार्ड, आधार आणि वही घेऊन त्यांच्यातले एक रोग्याबरोबर जाईल. ते कोणत्या जातीचे, कोणत्या पक्षाचे, मालकाचे की मजुराचे, हे पाहिले जाणार नाही.

२) फवारणीच्या हंगामात तालुका रुग्णालयांत ॲट्रोपीन आणि पॅमचा साठा, कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पुरेशी श्वासयंत्रे चालू स्थितीत ठेवावीत. साठ्याचा आकडा फलकावर लावावा.

३) अत्यवस्थ रोग्यांच्या नातेवाईकांना रोज ठरलेल्या वेळी एकदा, मराठीत, रोग्याची स्थिती सांगितली जावी.

४) १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचे कलम २६ विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. तो पूर्णपणे वापरून विषबाधेचे आकडे, औषधाच्या नावासह, हंगामात दरमहा जाहीर करावेत.

५) केसपेपरवर विषबाधा फवारणीतून, अपघाताने की प्राशनाने, हा रकाना वेगळा असावा आणि तो नातेवाईकांना वाचून दाखवून भरावा.

पहिल्या ठरावाला सरकारची परवानगी लागत नाही, निवेदन लागत नाही, मोर्चा लागत नाही. तो आपणच आपल्याला घालून द्यायचा नियम आहे. पहिल्या फवारणीच्या आधी प्रत्येक शाखेने दोन नावे तालुकाप्रमुखाकडे लिहून द्यावीत. उरलेल्या चार ठरावांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात जायचे आहे, आणि जाताना आपल्या हातात गावोगावच्या भरलेल्या वह्या असल्या पाहिजेत.